सात कडवी, दोनदा

हिकुएरू बेटाच्या आतल्या पाण्यात शिंपल्यांचा हंगाम उघडला, त्या सकाळी सासूबाई माझ्या झोपडीपाशी आल्या. दोरीचं वेटोळं माझ्या पायांशी टाकलं आणि म्हणाल्या, "चल. या वर्षी माझी दोरी तू धरायचीस."

मी चुलीवर कॉफी ठेवली होती. ती उतू गेली तरी मला कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, याच पाण्यात, मी त्यांच्या मुलाची दोरी धरली होती. तेकेहूची, माझ्या नवऱ्याची. शेवटच्या बुडीतून तो वर आला, होडीच्या काठाला हात लावून हसला, काहीतरी भलतंच बरळला आणि आडवा झाला. आमच्याकडे त्याला तारावाना म्हणतात, पाण्याचं वेड. खोल पाण्यात वरचेवर बुड्या मारणाऱ्याला ते गाठतं. कुणाचे पाय जातात, कुणाची वाचा जाते, कुणी थोड्या वेळाने उठून बसतो. तेकेहू त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत होता.

"आई, दुसरं कुणीतरी बघा ना," मी म्हटलं.

"कोण बघू? पुनुआची बायको? ती दोरी धरून डुलक्या काढते. ऊठ, ऊन चढतंय."

माझ्या सासूबाई, तापेता, त्या वर्षी छप्पन्न वर्षांच्या होत्या. काटकुळ्या, सुक्या माशासारख्या. पुढचा एक दात पडलेला. चाळीस वर्षं त्या बुड्या मारत होत्या, आणि त्यांच्या वयाचे पुरुष कधीच होडीत बसून नातवंडांना हुकूम सोडायला लागले होते. आम्ही दोघी किनाऱ्यावरून होडीकडे निघालो तेव्हा सगळ्या झोपड्यांमधून माना बाहेर आल्या. एक बाई दुसरीला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं, "लेक गेला तिच्या हातून, आता सासूचा नंबर." मी वळून तिला चार शब्द ऐकवणार होते, माझी जीभ काही कुणाची बांधील नाही. पण तशीच पुढे चालत राहिले. कारण ती बोलली ते खरं होतं, आणि किती खरं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दोरी धरणारीचं काम लोकांना वाटतं तेवढं हमालीचं नाही. पाणबुड्याला तळाशी नेणारं शिशाचं वजन खाली सोडायचं, ते वर ओढायचं, शिंपल्यांची टोपली वर घ्यायची, हे कुणीही करेल. खरं काम आहे गाण्याचं. पाणबुडा वर आला की होडीच्या बाजूला बांधलेल्या उलांडीचा दांडा धरून पाण्यावर पडून राहतो आणि दोरी धरणारी गाणं म्हणते. देवळातलंच गाणं, सात कडव्यांचं. ते संथ चालीत, पूर्ण, दोनदा म्हणायचं. ते संपेपर्यंत पाणबुड्याने शिशाला हात लावायचा नाही, मग तो गावचा मुखिया का असेना. गाणं म्हणणारीचा शब्द तेवढा वेळ शेवटचा. आमच्या आज्यापणज्यांनी किती माणसं गमावून हे मोजमाप शोधलं असेल, देव जाणे.

आणि त्या दिवशी मी चार कडवी म्हटली होती. एकदाच. तीही भरभर.

तेकेहूला खाली ताटाएवढे शिंपले सापडले होते आणि पुनुआची होडी हळूहळू आमच्याकडे सरकत होती. तेकेहूने मला नावाने हाक मारली, "उरक लवकर, मेरे, तो बघ आला." मी उरकलं. एकदा नाही, सबंध सकाळभर, दहा बुड्या. मला स्वतःलाच घाई झाली होती. टोपली वर आली की मी हावरटासारखी आधी शिंपले बघायची, मग नवऱ्याचं तोंड. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाद्र्यालाही नाही. सरकारने दोन वर्षं पाणी बंद ठेवलं, मला वाटलं बरं झालं, आता कधी उघडूच नये.

आता त्याच्याच आईची दोरी माझ्या हातात होती. ती बाई म्हणाली तशा सासूबाईही गेल्या असत्या, तर मायलेक दोघांनाही मीच मारलं असतं. हे एवढं एकच डोक्यात घेऊन मी वल्हं मारत होते.

होडी थांबली. सासूबाईंनी लाकडी चौकटीचा चष्मा लावला, पाण्यात उतरल्या, दोन्ही हात दांड्यावर ठेवून तरंगत राहिल्या. मी गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या नसतील, त्यांनी एक डोळा उघडला.

"थांब. तू धापा टाकतेयस."

"मी? मी तर बसलेय."

"बसून धापा टाकतेयस. दोरी धरणारीचा श्वास दोरीतून खाली उतरतो, माहिती नाही का? तुझं असलं गाणं ऐकून मी खाली गेले तर खडकाशी भांडण काढीन. आधी तू शांत हो. मला काही घाई नाही."

मग त्या पाण्यात आणि मी होडीत, असा आमचा वर्ग भरला. बाकीच्या होड्यांवर शिंपल्यांचे ढीग लागत होते आणि ही म्हातारी मला श्वास घ्यायला शिकवत होती. म्हणजे घ्यायला नाहीच.

"घ्यायचा नसतो गं तो," त्या म्हणाल्या. "सोडायचा असतो. नीट सोडलास की घ्यायचं काम तो आपणहून करतो. अर्ध्या ओळीत आत, अख्ख्या ओळीत बाहेर. पोट आधी रिकामं कर. खांदे कशाला उचलतेस, खांद्यांनी कधी कुणी श्वास घेतलाय?"

मी केलं. पाचसहा वेळा झाल्यावर हाताला मुंग्या येतील असं वाटलं होतं, पण उलट हात जड झाले, गरम झाले.

"आता कपाळ सोड. मग डोळ्यांच्या मागचं. मग जबडा. जीभ टाळूला चिकटलीय का बघ. जीभ चिकटलेली असली की समजायचं, माणूस मनातल्या मनात अजून भांडतोय."

"कुणाशी?"

"सुनेशी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

मला हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही त्याच पाण्यावर. मग मी सातही कडवी म्हटली, दोनदा. दुसऱ्या खेपेच्या मध्यावर त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी त्या बाईला बारा वर्षं ओळखत होते. ती भातात मीठ जास्त झालं तर तीन दिवस बोलून दाखवायची. तिच्या तोंडावर आता कुणीच नव्हतं. सुरकुत्या होत्या, पण त्यांच्यात राग नव्हता, वय नव्हतं, लेक गेल्याचं दुःखही नव्हतं. दांड्यावरचा त्यांचा हात माझ्या हाताजवळ होता. मी मनगटावर अंगठा ठेवला. नाडीचा एक ठोका लागला. मग मी दुसऱ्याची वाट बघत राहिले. मध्ये गाण्याचा एक अख्खा शब्द म्हणून झाला, तेव्हा कुठे तो आला.

देवळात मी जन्मभर गुडघे टेकले, पण देवाच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते, हे मी पाद्र्यासमोरही सांगेन.

गाणं संपलं. त्यांनी शेवटचा श्वास घेतला. करवंटीत पाणी भरावं तसा, तळापासून: आधी पोट, मग बरगड्या, मग गळ्याच्या खळगीपर्यंत. गालही न फुगवता त्यांनी शिशाच्या दोरीत पाय अडकवला आणि गेल्या. माझ्या बोटांतून दोरी सरसरत गेली. दर वावाला, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या अंतरावर, गाठ होती, त्या गाठी मी मोजल्या. सोळा गाठी गेल्या आणि दोरी थांबली. तळाला काच लावलेली पेटी मी पाण्यावर धरली आणि आत बघितलं. खाली, निळ्याच्याही खाली, मुठीएवढ्या सासूबाई खडकांमधून फिरत होत्या. परसात भाजी खुडावी तशा. एक शिंपला उचलला, उलटून बघितला, लहान म्हणून परत ठेवला! श्वास नाही, वर सोळा वाव पाणी, आणि बाई निवड करतेय. माझाच जीव गुदमरला. मी मनात अडीच कडवी म्हटली तेव्हा त्या वर निघाल्या.

डोकं पाण्याबाहेर आलं, आणि पडलेल्या दाताच्या फटीतून लांबलचक शीळ वाजली. आमच्याकडे सगळेच पाणबुडे अशी शीळ घालत श्वास सोडतात, पण सासूबाईंची शीळ शंभर होड्यांत ओळखू यायची.

"काय बघतेस भूत बघितल्यासारखी? टोपली ओढ," त्या म्हणाल्या.

असे अठरा दिवस गेले. शेजारी पुनुआ असायचा. तो लोहाराच्या भात्यासारखा फसफस श्वास घ्यायचा, वीस-तीस वेळा, आणि धाडकन उडी. एकदा तो ओरडून म्हणाला, "म्हातारे, तू झोपा काढतेस तोवर मी तीनदा जाऊन येतो!"

"जा की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोला सांग, काळे कपडे धुऊन ठेव."

मला त्या हळूच म्हणाल्या, "असा भाता चालवला की पोटातली घंटा बंद पडते. श्वास संपला हे सांगणारं कुणी उरतच नाही. मग माणूस खालीच झोपतो, हसत हसत." मग म्हणाल्या, "चांगला आहे तो पोरगा. मूर्ख आहे, पण चांगला आहे."

माझा हात हळूहळू दोरीवर बसू लागला. रात्री झोप लागू लागली. मला वाटू लागलं, कदाचित मी तेवढी वाईट नसेनही.

एकोणिसाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आज पलीकडच्या उतारावर. वीस वाव." मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वल्हं उचललं. तिथे पोचल्यावर मला कळलं. त्याच जागी तेकेहूची शेवटची बुडी झाली होती.

मी एक ओळसुद्धा गाळली नाही. देवाशपथ. उलट दोनदाच्या ऐवजी तीनदा म्हटलं. पण छप्पन्न वर्षांचं शरीर, आणि वीस वाव. सातव्या बुडीनंतर त्या वर आल्या, आणि शीळ वाजली नाही. त्यांनी दांडा धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू मी आधी एकदा बघितलं होतं.

"तेकेहू बसलाय खाली," त्या म्हणाल्या. "टोपली भरलीय त्याची. हात करतोय. वजन सोड, मी घेऊन येते त्याला."

त्यांचा उजवा हात दांड्यावरून सारखा निसटत होता, बोटं वळत नव्हती. डावा हात मात्र शिशाची दोरी चाचपत होता.

"आई, वर या. होडीत या."

"गाणं म्हण. चारच म्हण. चार कडवी पुरे झाली, तू म्हणतेसच की चार."

चार. हा आकडा मी कुणालाच सांगितला नव्हता. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मी शिसं वर खेचलं आणि त्याच्यावर बसले. सासूबाईंच्या काखेत हात घालून त्यांना होडीत ओढलं. त्या शिव्या घालत होत्या, डाव्या हाताने माझे केस धरून ओढत होत्या, परत पाण्यात जायला बघत होत्या. आतून एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे. होडी उलटायला आली.

पुनुआ ओरडला, "अगं, काय मारतेस की काय म्हातारीला?"

मला दुसरं काही सुचलं नाही. मी गाणं म्हणायला लागले.

आणि त्या थांबल्या. डोळे अजून पाण्याकडेच होते, ओठ तेकेहूचं नाव घेत होते, पण हात थांबले. गाणं चालू असताना पाण्यात जायचं नाही. हे त्यांच्या डोक्याला आता ठाऊक नव्हतं, डोकं कुठेतरी वीस वाव खाली राहिलं होतं. पण चाळीस वर्षं शरीराने ते पाळलं होतं आणि शरीर विसरलं नव्हतं. पहिल्या कडव्याला खांदे उतरले. तिसऱ्याला जबडा सैल झाला. अर्ध्या ओळीत आत, अख्ख्या ओळीत बाहेर. वेड लागलेली बाई माझ्या मांडीवर पडून तालात श्वास घेत होती.

माझ्या लक्षात आलं, की गाणं संपलं की त्या उठणार. म्हणून मी ते संपूच दिलं नाही. सातव्या कडव्याचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच पहिलं कडवं धरायचं. असं कुणी कधी म्हटलं नसेल. सूर्य डोक्यावर आला, मग कलला. घसा फाटला, मग आवाज गेला, मग मी नुसतं नाकातून गुणगुणत राहिले. शेजारच्या होड्या एकेक करून थांबल्या. पुनुआ पाण्यात उतरला होता तो तसाच आपल्या होडीचा दांडा धरून राहिला, आणि मी नुसती गुणगुणायला लागले तेव्हा शब्द त्याने म्हटले. बेसूर होता मेला, पण चाल त्याने घाईत नेली नाही.

एवढ्या लहान गोष्टीने माणूस धरून ठेवता येतो, हे बघून मी थक्क झाले होते. भीती केव्हाच मागे राहिली होती. माझ्या मांडीवर एक श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता, आणि माझा त्याच्यासोबत जात होता, आणि कोणता कुणाचा ते मला सांगता आलं नसतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट हललं. मग दुसरं. त्यांनी डोळे उघडले. या खेपेला त्या खरंच माझ्याकडे बघत होत्या.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"मोजली नाहीत."

"पुरी म्हटलीस?"

"पुरी."

पुनुआची होडी हळूहळू लांब गेली. मग मी विचारलं, कारण आता नाही विचारलं तर कधीच विचारलं नसतं.

"आई, चार कडवी तुम्हाला कशी माहीत?"

"शेजारच्या होडीत मीच होते की त्या दिवशी. पाण्यावर आवाज किती लांब जातो, तुला सांगायला पाहिजे का?" त्यांनी आकाशाकडे बघत सांगितलं. "पहिल्याच वेळी ऐकलं मी. म्हटलं, हे चार कडव्यांवर थांबले. ओरडणार होते. पण माझ्याही खाली तोच उतार होता आणि तेच शिंपले. तुम्ही थांबला असतात तर मलाही थांबावं लागलं असतं. माझी दोरी धरणारी तुझ्याच गाण्यावर मोजत होती. मी दहाही वेळा ऐकलं, मेरे. आणि दहाही वेळा गप्प खाली गेले."

मला काय वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं नाही. भयंकर राग आला. दोन वर्षं मी एकटीने ते ओझं वाहिलं, भाकरीचा घास गिळताना, झोपताना, देवळात. आणि ही बाई माझ्या झोपडीपासून दहा पावलांवर बसून मला तसं वाहू देत होती. दिवसभर जिला धरून ठेवलं तिला उचलून पाण्यात फेकावंसं वाटलं.

"तुम्ही एकदा ओरडला असतात," मी म्हटलं, "तर तो आज असता."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

एवढंच. सबब नाही, रडणं नाही. त्या एका शब्दापुढे माझा राग कुठे उभा राहीना. मी तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना, बाहेर येईना, छातीत दगड अडकल्यासारखा झाला. त्यांनी आपला चांगला हात, डावा, वर उचलून माझ्या पोटावर ठेवला.

"आधी सोड," त्या म्हणाल्या. "सगळा."

मी सोडला. त्याच्याबरोबर माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो तेकेहूला मातीत ठेवतानाही निघाला नव्हता. तो थांबेचना. पाण्यावरून तो कुठवर गेला असेल कुणास ठाऊक. सगळ्या होड्यांवरची माणसं उभी राहिली. पुनुआला वाटलं, म्हातारी गेली. तो टोपी काढून, जोरजोरात वल्हं मारत आमच्याकडे यायला लागला.

सासूबाईंनी माझ्या पोटावरचा हात काढला नाही. मान तेवढी वळवली आणि त्याला ओरडून सांगितलं, "मी आहे रे अजून. तू जा घरी. तिला रडू दे."